मेंदीच्या फुलांचं अत्तर आणि मुनाफची भुवई

३ एप्रिल १९७९
नाक मेलं! फेब्रुवारीतला ताप गेला, जाताना वास घेऊन गेला. कांदा नाही, घाम नाही, काही नाही. आणि मी इथे नोकर कसला? तर वास घेणारा! वसईत मोगऱ्याच्या वाडीत वाढलेला रॉबर्ट, म्हणून तर अरबाबने, इथल्या मालकाने, कतारात अल खोरजवळच्या त्याच्या बागेत, अत्तराच्या भट्टीवर आणला. कळलं तर दुसऱ्या दिवशी विमानात घालेल. बायकोला, बर्थालाही पत्रात लिहिलं नाही. बायकांच्या पोटात काही राहत नाही.

६ एप्रिल
मेंदी फुलली. तांब्याच्या डेगेत फुलं नि पाणी, झाकणाला माती, खाली आग. फुलं करपायच्या आत खालची आग बाहेर ओढायची, नाहीतर सगळं अत्तर जळकं. ती वेळ वासावरूनच कळते.
उपाय सापडला! मुनाफ — आमचा भट्टीवाला, कनौजचा, पंधरा वर्षं आगीपुढे. वेळ झाली की त्याची डावी भुवई वर जाते. मी लगेच नाक मुरडून ओरडतो, "खलास!" तो आग ओढतो. अत्तर कुप्यांत, कुप्या सीलबंद मुरायला. नाव माझं! भट्टीवाल्याला कोण विचारतं?

९ एप्रिल
सगळ्यांसमोर मुनाफला म्हटलं, "तेरी नाक है कि भजिया?" ड्रायव्हर हसले. तोही हसला. ज्याच्यावाचून अडतं त्याला हिणवायला बरं वाटतं मला. असतो एकेकाचा स्वभाव.

१४ एप्रिल
मुनाफच्या बिलकिसचा निकाह सत्तावीसला. रजा मागतोय. "साहब, एक ही बेटी है." अरबाबने मलाच विचारलं. हा गेला तर भुवई गेली! म्हटलं, "सीझन है, नहीं छोड़ सकते."
मुनाफने पाय धरले. मी सोडवून घेतले. मग जेवलो. चव तशीही लागत नाही.

२२ एप्रिल
अरबाबचा निरोप — शुक्रवारी मोठे पाहुणे, सगळ्या कुप्या त्यांच्यासमोर उघडणार. उघडू दे! मला कसली भीती?

२७ एप्रिल, शुक्रवार
मुनाफने निकाहाचे खजूर वाटले. मला दोन जास्त! लाज वाटली. म्हटलं, "तेरी नाक अच्छी है, इसीलिए रोका तुझे."
तो बघतच राहिला. "मेरी नाक? साहब, वो तो धुआँ कब का खा गया. मैं तो भौं उठाके आपसे पूछता हूँ — अब? आप मुँह बनाते हैं, तो आग खींचता हूँ."
फाटकाशी अरबाबची गाडी हॉर्न देते आहे. कुप्या न्यायला आलाय.