डाव्या खांद्याचं हाड

सांगली, ५ मे २०२५
प्रिय अश्फाकभाई यास फिरदोसचा सलाम वि. वि.
वकिलांकडचा कुणाल हे बंद पाकीट जेलमध्ये तुझ्या हातात देईल. तिथल्या आमटीवर तू वाळला असशील. सुटलास की अम्मी आठवड्यात सगळं भरून काढेल.
पसरणी घाटात टॅक्सी कठड्याला धडकली, मागचा प्रवासी गेला आणि भरधाव चालवलीस म्हणून तुला दोन वर्षांची शिक्षा झाली. वेग कमी होता, हे आता अपिलात दाखवायचंय. माझं संशोधन तेच तर आहे: हाड कॉम्प्युटरवर हजारो बारीक तुकड्यांत मांडायचं आणि धक्क्याने कुठला तुकडा किती ताणला जातो ते काढायचं. त्यात मोडलेल्या तुझ्या खांद्याच्या हाडाचा एक्स-रे मागवलाय. तुझ्या हाडावरूनच तुला सोडवते की नाही बघ!
लोभ आहेच, सध्या जरा जास्त असू दे.
तुझी फिरदोस

सातारा, १४ मे
चि. फिरदोस हिस भाईचा दुवा.
बहीण मला मशीनवर आपटून बघते, हे सांगितल्यावर बराकीतला गुंडा म्हणाला, पोरगी लय हुशार हाय गड्या.
पण अपील राहू दे. तुझी पीएचडी महत्त्वाची. अब्बांना त्या दिवसाचं काही विचारू नकोस. शेजारी बसले होते, त्यांना त्रास होतो.
माया असू दे.
अश्फाक

सांगली, २६ मे
भाई, सलाम वि. वि.
तुला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं की कुठल्याही वेगाला उजवंच हाड मोडतं, कारण पट्टा उजव्या खांद्यावरून येतो. तुझं मोडलंय डावं. चूक माझीच धरून पुन्हा पुन्हा तपासलं. शेवटी तुला शेजारच्या सीटवर बसवलं, आणि एक्स-रेतली चीर जिथल्या तिथे उमटली.
पुढे तुम्ही दोघेच होतात. अब्बांच्या उजव्या खांद्याला अम्मी अजून लेप लावते. मोतीबिंदूमुळे त्यांना गाडी चालवायची बंदी होती. हे वकिलांना दिलं तर अब्बा आत, नाही दिलं तर तू आत. मला काही सुचत नाही. तुझा रागही आलाय, फार.
लगेच लिही.
फिरदोस

सातारा, ३ जून
चि. फिरदोस, दुवा.
होय, तेच चालवत होते. ह्यो घाट आमी डोळं मिटून उतरतो, म्हणाले. त्यांना नको म्हणायला माझी जीभ रेटली नाही. या वयात त्यांना इथे बघवणार नाही मला. हिशोब चुकला म्हणून वकिलांना सांग. एवढं कर.
राग सोड, माया ठेव.
अश्फाक

पाचगणी, १५ जून
भाई, सलाम.
चुकला म्हणून सांगितलं, माझ्या सरांनाही. अब्बा समोरच होते. पोरीचं मशीन बी चुकतं व्हय, म्हणून खूप हसले. मीही हसले. वाटलं, संपलं.
आज अम्मीकडून कळलं, परवापासून ते चाचांची टॅक्सी घाटात नेतायत. अडवणार कोण? सगळ्यांच्या लेखी गाडी तूच ठोकलीस. ते दुपारी परत येईपर्यंत मी दारातच बसून राहिले. गाडीतून दोन लहान मुलं हसत उतरली. मी तिथूनच वकिलांना फोन लावला आणि हिशोब बरोबर होता म्हणून सांगितलं. अब्बांनी सगळं ऐकलं.
मला माफ कर. माझ्यावर लोभ राहो न राहो, उत्तर मात्र पाठव. जेलमध्ये बरोबर काय काय नेता येतं, असं अब्बा विचारतायत.
फिरदोस