भिंतीवरची हजेरी

३ नोव्हेंबर
आलो एकदाचे! वीज नाही, नळ नाही, शेजार नाही. दोन खोल्या, एक विहीर, छपरावर सोलर आणि आल्या आल्या माझ्या पिशवीचा पट्टा चघळणारी शेळी. तिचा तोरा बघून नाव ठेवलं मालकीणबाई. नवरा नोकरी सोडल्यापासून असा मिरवतोय, जणू आभाळच विकत घेतलंय. म्हटलं, आधी संडासाचं दार बसव, मग आभाळ बघ. बसवलं, पण उलटं. आता कडी बाहेरून लागते. हसून हसून पोट दुखलं.

७ नोव्हेंबर
सकाळी धार, कोंबड्या, विहिरीवरून पाणी. दुपारपासून मालकीणबाईच्या गोठ्याची भिंत. मातीत भुसा घालून पायांनी तुडवायची, गोळे करून थापायचे. इथली जमीन इतकी कडक की कुदळ टणकन परत येते. पण नवऱ्याला कुंपणाजवळ एक उंचवटा सापडला, तिथली माती लोण्यासारखी मऊ. काम संपलं की ओल्या भिंतीवर दोघांनी पंजा उमटवायचा, ही आमची हजेरी. त्याचा पंजा लगेच ओळखू येतो. करंगळीचं टोक लहानपणी सायकलच्या चेनमध्ये गेलंय.

१२ नोव्हेंबर
भिंत कमरेपर्यंत आली. आज हजेरीत तिसरा पंजा! याचीच थट्टा असणार. विचारलं, तर म्हणाला तुझेच उद्योग. वर शपथ घेतो लबाड.

१३ नोव्हेंबर
तो पंजा हात लावून पाहिला. आमचे पंजे आत दबलेत. हा बाहेर आलाय. आतून कुणीतरी रेटल्यासारखा. पलीकडे जाऊन पाहिलं, भिंत सपाट. नवरा म्हणाला, ओल्या मातीला फुगवटे येतात. पाच बोटांचे?

१५ नोव्हेंबर
आणखी पंजे. सगळे बाहेर आलेले. मालकीणबाई दावं तोडून पळते, भिंतीकडे फिरकत नाही. मेंढ्या चारणारे काका रस्त्याने चालले होते, त्यांना पाणी प्यायला बोलावलं. त्यांनी खणलेला उंचवटा पाहिला आणि पेला तसाच खाली ठेवला. जुन्या मालकाने सांगितलं नव्हतं का, एवढंच विचारून गेले.

सांगितलं होतं. कुठेही खणा, तेवढा उंचवटा सोडा, असं. माझ्यापासून लपवलं याने! मऊ माती समोर असताना कपाळ कशाला फोडायचं, म्हणे. खूप ओरडले त्याच्यावर. मग रडले.

१६ नोव्हेंबर
म्हटलं, आत्ताच्या आत्ता निघू. तो म्हणतो माती जिथली तिथे टाकतो, मगच जाऊ, नाहीतर हे पाठ सोडायचं नाही. उद्या भिंत पाडणार. हात धरून सांगितलं, एकटा जाऊ नकोस. हो म्हणाला.

१७ नोव्हेंबर
एकटाच गेला. मी धार काढत होते. कुदळीचा आवाज येत होता, मग थांबला.

कुदळ पडलीय. चपला आहेत. तो नाही. भिंत पाडलेली नाही — वाढलीय. माझ्या डोक्याच्या वर.

छातीपाशी नवा पंजा. बाहेर आलेला. करंगळी तोकडी.

हलतोय.

दुपार
कुदळ मारली तर त्याला लागेल, म्हणून भिंतीवर बादल्यांवर बादल्या ओततेय. माती भिजेपर्यंत लिहितेय, नाहीतर वेड लागेल. हाका मारतेय. आतून थापा येतात — तोच आहे. देवा, तोच असू दे. पुन्हा एका शब्दाने बोलणार नाही त्याला —

भोक पडलं. डावा हात घातला, कोपरापर्यंत — बोटं लागली. गार आहेत. धरलं त्याने! घट्ट धरलं —

वही भिंतीला टेकवून — सोडत नाही. मी ओढतेय. नाही — तोच ओढतोय. खांदा टेकला भिंतीला —

करंगळी चाचपली. टोक आहे. नख आहे. ही त्याची नाही, ही अख्खी —