पाण्याला येणारा वास

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, पाणीशुद्धीकरण केंद्रातला निवृत्त ऑपरेटर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. चार पायऱ्या चढलो की धाप लागते, पण डोके ठिकाणावर आहे; तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. राहते घर व बँकेतील ठेव पत्नीला. तिच्या पश्चात मुलीला.

२. माझी पान्यांची पेटी केंद्रातल्या नव्या ऑपरेटरला. क्लोरीन गॅसचा मुखवटा त्याने स्वतःचा मागून घ्यावा व वापरावा. माझा तीस वर्षे खिळ्यालाच लटकला. आम्ही सगळेच म्हणायचो, "सवय झालीय, काही होत नाही." पत्नी रोज बजावायची; तिला मी भित्री ठरवले. माझ्या छातीचे जे झाले त्याचा बोल कोणाला लावू नये.

३. धाकट्या भावाविषयी. वीस वर्षांपूर्वी, पाण्याला क्लोरीनचा वास येतो म्हणून लोकांनी केंद्रावर मोर्चा आणला. सर्वांत पुढे माझाच भाऊ. फाटकातून ओरडला, "दादा, आम्हाला विष पाजतोस का?" मी म्हणालो, "अरे, वास येतोय तोवर निर्धास्त पी." कोण ऐकतो! साहेबांना फक्त गोंगाट थांबायला हवा होता. म्हणाले, "थोडं कमी करा. कागदावर काही नको." कमी केल्याने काय होईल हे मला पक्के ठाऊक होते. तरी व्हॉल्व्ह मीच फिरवला. वास गेला. लोक म्हणाले, आता पाणी कसं गोड लागतंय! दीड-दोन महिन्यांत कावीळ पसरली. भावजय सात महिन्यांची गरोदर होती. ती गेली, पोटातले बाळही गेले.

भाऊ मला टाळतो, असे मी सगळ्यांना सांगत आलो. टाळत मी होतो. आपण मोर्चा काढला म्हणून ती गेली, असे तो आजवर धरून बसला आहे. व्हॉल्व्ह कोणी फिरवला हे त्याला माहीत नाही. तो घाबरला होता, एवढेच. जाणता मी होतो.

४. धाकट्याला मी काहीही देत नाही. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील सांगतात. आणि मला साक्ष त्याचीच हवी आहे. सहीआधी कलम तीन मी त्याला स्वतः वाचून दाखवीन.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ९ नोव्हेंबर
मृत्युपत्र करणार: (सही)

साक्षीदार:
१. शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक (सही)
२. धाकटा भाऊ (सही)

वकिलाची नोंद: कलम तीन ऐकल्यावर साक्षीदार क्र. २ यांनी "वीस वर्षं, दादा," एवढेच म्हणून सही केली.