तुझा आनंद आणि बँडवाल्यांच्या अकरा पँटी

प्रिय धाकट्या,

ताईचे आशीर्वाद घे आणि अर्धे वहिनीला दे. तुझी पाठ आता कशी आहे? वहिनीचा गुडघा वाकतो का? इकडे आम्ही दोघं जागच्या जागी आहोत. तुझ्या दाजींचा रक्तदाब त्यांच्या स्वभावासारखाच आहे, ना वर ना खाली. माझे डोळे सुईत दोरा ओवण्यापुरते शाबूत आहेत, आणि त्यापलीकडे जगात बघण्यासारखं फारसं काही उरलेलं नाही, असं मी लिहिणार होते. पण तू ते लगेच पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत घालशील, म्हणून लिहीत नाही.

तुझं पुस्तक पोचलं. पहिल्या पानावर 'ताईस, आनंदाने' आणि खाली तुझी सही (सही इतकी ऐसपैस, की आनंदाला कोपऱ्यात सरकावं लागलंय). मी ते एका बैठकीत संपवलं. म्हणजे माझी तुरपाई चालू होती आणि दाजींनी मोठ्याने वाचलं. रोज समुद्राकाठी चाला, कुणाला तरी छोटीशी भेट द्या, दिवसातून एकदा कुणाशी तरी चांगलं वागा, की आनंद आपोआप दारात येऊन उभा राहतो. एवढं सांगायला तुला एकशे बारा पानं लागली याचं मला नवल नाही. लहानपणी दूध सांडलं एवढं सांगायलाही तुला अर्धा तास लागायचा. नवल याचं, की तुझ्या घरापासून समुद्र आगगाडीने दीड दिवसावर आहे. आणि मग आलं पान एकेचाळीस. तिथे तुझी कुणी 'अगदी जवळची नातेवाईक' आहे. ती म्हणे समुद्रापासून पाच मिनिटांवर राहते आणि वीस वर्षांत तिने शिलाई मशीनवरची मान वर करून एक लाट पाहिलेली नाही. दाजी तिथे थांबले आणि चष्मा पुसायला लागले. मी म्हटलं, "वाचा पुढे." ते म्हणाले, "पुढे नुसतं 'बिचारी' एवढंच आहे."

तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बिचारी समुद्रावर गेली. आनंदासाठी नव्हे, तुला खोटं पाडण्यासाठी. हेतूबद्दल गैरसमज नको. तुझ्या पुस्तकात काठावर शांतता आहे, वाळूवर पावलं आहेत आणि पावलांत म्हणे आपण स्वतःला भेटतो. इथे सिमेंटचा कठडा आहे, आणि त्याच्या कडेने चाळीस-पन्नास माणसं अशी चालत असतात, की मागून कुणीतरी कुत्रं सोडलंय. हात पुढे-मागे, नजर मनगटावरच्या घड्याळात. समुद्राकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, तेवढंच मला बरं वाटलं. म्हणजे बिचारी मी एकटी नाही. स्वतःला भेटायचं सोड, मला दोन जणांनी धक्के दिले आणि एका बाईने "डावीकडून चाला" असं बजावलं. मी सरळ एका बाकावर जाऊन बसले.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक गृहस्थ होते. उंच, वाकलेले, अंगात जाड निळा कोट. ते जन्मभर जहाजाच्या इंजिनखोलीत नोकरी करून निवृत्त झालेत हे मला नंतर कळलं. आमच्या गल्लीत त्यांना आगबोट म्हणतात आणि त्यांना ते माहीत आहे. पहिल्या दिवशी ते बोलले नाहीत, मीही नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मात्र मला राहवेना, कारण त्यांच्या कोटाचं मधलं बटण एका दोऱ्यावर लोंबकळत होतं आणि वाऱ्याने डुलत होतं. तुला हे कळणार नाही, पण शिंप्याला असं बटण दिसणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात उघडा नळ दिसण्यासारखं आहे. पर्समध्ये सुईदोरा असतोच. मी म्हटलं, "कोट काढा." ते इतके दचकले, की त्यांनी आधी बूट काढायला घेतला. (इंजिनखोलीत हुकूम ऐकून वागायची सवय, दुसरं काय.) मी बटण लावलं, खाली आधाराचं छोटं बटणही लावलं आणि दोरा दाताने तोडला. ते बराच वेळ बटणावरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "हा कोट बायकोने घेतलेला. ती गेल्यापासून ते बटण तसंच होतं. मला वाटलं, आता ते पडणारच." यावर काय बोलायचं ते तुझ्या एकशे बारा पानांत कुठेही दिलेलं नाही. मी "दोरा पक्का आहे" एवढंच म्हटलं आणि घरी आले.

इथवर सगळं ठीक होतं. तुझी भेटही दिली, चांगुलपणाही झाला, एका बटणात दोन कामं. पण तुझ्या पुस्तकात एक मोठी चूक आहे. चांगलं वागल्यावर समोरचा माणूसही चांगलं वागायला लागतो, हे तू आनंदाची गोष्ट म्हणून सांगितलंयस. ती धोक्याची सूचना म्हणून छापायला हवी होती.

पुढच्या दिवशी बाकावर बोलता बोलता मी म्हटलं होतं, की माझं मशीन हल्ली खडखडतं. शुक्रवारी सकाळी दहाला आगबोट हत्यारांची पेटी घेऊन आमच्या दारात उभे. आता शुक्रवारचं महत्त्व सांगते. अग्निशमन दलाच्या बँडच्या अकरा पँटी माझ्याकडे होत्या. गडद निळ्या, दोन्ही पायांना बाहेरून लाल पट्टी. शनिवारी संध्याकाळी द्यायच्या, कारण रविवारी सकाळी बँड समुद्रावर वाजणार. गेल्या वेळी डोळ्याच्या ऑपरेशनमुळे मला दोन दिवस उशीर झाला, तेव्हा बँडमास्तर अगदी अदबीने म्हणाले होते, की पुन्हा असं झालं तर यापुढे कपडे कारखान्यातून येतील. चौदा वर्षांचं गिऱ्हाईक आहे, धाकट्या. मी आगबोटींना तिथेच वाटेला लावायला हवं होतं. पण तुझं पान सत्तावन्न आड आलं: 'दुसऱ्याची मदत स्वीकारणं हीसुद्धा एक भेटच असते.' मी त्यांना आत घेतलं. दाजींनी त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः दुसरी घेऊन बघायला बसले. नाटकाला बसतात तसे.

जहाजावर इंजिन खडखडलं की आधी सगळं उघडतात म्हणे. त्यांनी सगळं उघडलं. मी जे भाग तेहतीस वर्षांत पाहिले नव्हते, ते वर्तमानपत्रावर रांगेने मांडले, एकेकाला पुसलं, तेल दिलं आणि तितक्याच प्रेमाने सगळं परत जोडलं. चार स्क्रू उरले. ते म्हणाले, हे जास्तीचे होते. मशीनने बंदर सोडताना जहाजं करतात तसा आवाज केला, कापड पुढून मागे न्यायच्या ऐवजी मागून पुढे, माझ्या पोटात ढकलायला सुरुवात केली, सुई मोडली आणि ते अडकून बसलं. पाच पँटी झाल्या होत्या. सहा उरल्या होत्या. मी त्यांना काय काय बोलले ते लिहीत नाही. तुझ्या कुठल्याही प्रकरणात ते बसणार नाही. दाजी मध्ये एकदा "अगं" म्हणाले, तर त्यांनाही त्यातलं थोडं मिळालं. आगबोट उठले, चार स्क्रू मुठीत घेतले आणि खाली गेले. हत्यारांची पेटी तशीच राहिली.

पंधरा मिनिटांनी दार वाजलं. दारात तळमजलेवाली. ही बाई कोण ते तुला माहीत असायला हवं, पण तू इतक्यात आलेला नाहीस म्हणून सांगते. नऊ वर्षांपूर्वी माझ्या ओल्या चादरीचं पाणी तिच्या वाळलेल्या चादरीवर गळलं, तेव्हापासून आम्ही एकमेकींशी बोलत नाही. जिन्यात समोरासमोर आलो तर दोघींनाही एकदम काहीतरी विसरल्याचं आठवतं आणि दोघी मागे फिरतो. तर ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "माझ्या पायरीवर एक म्हातारा माणूस चार स्क्रू हातात धरून बसलाय. तुमचा आहे का?"

मी म्हटलं, "नाही." दाजी म्हणाले, "हो."

मग दाजींनी तिला सगळं सांगितलं. मशीन, पँटी, बँडमास्तर, अगदी तुझं पुस्तकसुद्धा. ती ऐकून घेऊन निघून गेली. मला वाटलं, आता खाली जाऊन मनसोक्त हसेल. मी हसले असते. तर ती आपलं जुनं हातमशीन घेऊन वर आली, मागे आगबोट त्या मशीनची पेटी उचलून. मशीन टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "मी माझं मशीन दुसऱ्याच्या हातात देत नाही. पट्ट्या मी मारीन." माझ्या घरात, माझ्या टेबलावर, माझ्या खुर्चीत. आणि पाच झालेल्या पँटींतली एक उचलून, शिवण उलटी करून बघितली आणि म्हणाली, "टीप जरा मोठीच घालता नाही तुम्ही." नऊ वर्षांनी घरात आली आणि हे बोलली.

शुक्रवारची दुपार आणि शनिवार आम्ही चौघांनी काम केलं. मी कापड जोडून धावदोरा घालायची, तळमजलेवाली टीप मारायची, दाजी हातमशीनचं चाक फिरवायचे (नोकरीत तीस वर्षं फायली फिरवलेल्या, त्यामुळे वेग बेताचाच, पण एकसारखा). इस्त्री आगबोटींनी केली, आणि खोटं कशाला बोलू, तशी घडी मी आजवर पाडू शकलेले नाही. वाफेवर आयुष्य काढलेला माणूस. मी त्यांची माफी मागितली नाही, पण चहासोबत बिस्किटं दोनच्या ऐवजी चार ठेवली. ते त्यांना समजलं असावं, कारण त्यांनी दोन परत ठेवली. तळमजलेवाली सारखी बोलत होती. माझ्या काजांवर, माझ्या पडद्यांवर, मी तिच्या खिडकीसमोर पायपुसणं झटकते त्यावर. नऊ वर्षांचं साठलेलं होतं, सहा पँटींत जेमतेम मावलं. शनिवारी पाचला बँडमास्तर आले, अकरा मोजल्या, एकही उघडून न बघता घेऊन गेले.

रविवारी आम्ही चौघं त्या बाकावर बसलो होतो. बँड कठड्याच्या कडेने संचलन करत आला. पट्ट्या उन्हात अशा झळकत होत्या, की माझी मान ताठ झाली. आणि मग मागून मोठा ढोलवाला आला. त्याच्या पँटीला पट्टी दिसेना. नीट बघितलं तर दोन्ही पट्ट्या आतल्या बाजूला, मांडीला मांडी लावून. बिचाऱ्याला ते कळलेलं होतं, आणि पट्टी दिसायलाच हवी हा दलाचा नियम, म्हणून तो दोन्ही पाय फाकवून, घोड्यावरून नुकताच उतरल्यासारखा चालत होता. वर पोटावर ढोल. तळमजलेवाली म्हणाली, "ती जोडणी तुमची." मी म्हटलं, "पट्टी तुमची." आणि मग आम्हा दोघींना जे हसू सुटलं, ते आवरेना. तिने माझा दंड धरला, मी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं, दाजी दुसरीकडे बघत होते पण त्यांचे खांदे हलत होते, आणि आगबोट, जे आठवडाभर हसले नव्हते, ते इतके हसले, की लोक बँड सोडून आमच्याकडे बघायला लागले. बँडमास्तर सोमवारी आले होते. पट्ट्या बदलून घेतल्या आणि थंडीच्या कोटांचं काम ठेवून गेले. कारखान्याचं नाव काढलं नाही.

तू विचारशील, हा आनंद होता का. मला काय माहीत? मला उचकी लागली होती. समुद्र त्या दिवशीही मी पाहिला नाही. ढोलवाला मध्ये होता. पान एकेचाळीसवर तेवढं दुरुस्त करून घे.

वहिनीला गुडघ्याला शेक घ्यायला सांग.

तुझी,
ताई

ता. क. : पुस्तकाच्या मागच्या बाजूला तुझा फोटो आहे, दिवाणखान्यात हसत बसलेला. त्यात तुझ्या पाठीमागे, फुलदाणी आणि तुझ्या सन्मानचिन्हांच्या खाली, आईचं मशीन आहे. आई गेल्यावर घर आवरलं तेव्हा तू म्हणाला होतास, आठवण म्हणून नेतो. मी तेव्हा गप्प बसले, कारण तू रडत होतास. त्या घरात शिवायला येत होतं ते दोघींनाच, आणि त्यातली एक गेली होती. छोट्या भेटीबद्दल तू दोन प्रकरणं लिहिली आहेस. फुलदाणीला स्टूल घे.

ता. क. २ : मला मशीनची अडचण आहे म्हणून मागते आहे असं समजू नकोस. आगबोटींनी काल येऊन माझं मशीन सरळ केलं. आता ते इतकं शांत चालतं, की दाजी दोनदा बघून गेले मी झोपले की काय. आईचं मशीन मला तरीही हवं आहे.

ता. क. ३ : कुरिअरने पाठवू नकोस. तू स्वतः घेऊन ये. सहा वर्षांत तू आमचा जिना चढलेला नाहीस; दर खेपेला तुझं व्याख्यान आडवं येतं. तीन मजले आहेत, लिफ्ट नाही, आणि ते मशीन बिडाचं आहे. आई ते या खोलीतून त्या खोलीत एकटी न्यायची, आपल्याला हात लावू द्यायची नाही. तुझी पाठ मला माहीत आहे. पहिल्या मजल्यापर्यंत तू आण. तिथून वर मी हात लावते.