डिसेंबरातली द्राक्षं

प्रिय तोइनी,

तुझं पत्र मिळालं. डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी तुझं लग्न, आणि 'तुला तोडणीतून सुटी मिळणार नाही, तेव्हा आईच्या खुर्चीवर लेम्पीमावशीला बसवते,' असं सरळ लिहिलंस. बरं केलंस. गोडगोड लिहिलं असतंस तर जास्त लागलं असतं.

इथे नदीकाठची हिरवी पट्टी सोडली की नुसता दगड नि वाळू. पावसाची सर आली तर माणसं कामं टाकून बघत राहतात. वेलाच्या बुंध्याशी नळीतून थेंब थेंब पाणी सोडायचं, वाऱ्याला जाळ्या बांधायच्या. ऊन असं, की आमची द्राक्षं साऱ्या जगाच्या आधी पिकतात, आणि नाताळाच्या आत जहाजातून परदेशी पोचली तरच त्यांना मान. म्हणून ज्या महिन्यात सगळे उत्तरेला घरी जाऊन लग्नं लावतात, त्याच महिन्यात आम्ही कात्र्या घेऊन उभ्या. आजीचं दफन, तुझ्या शाळेचा शेवटचा दिवस, दोन्ही डिसेंबरातच आले आणि मला चुकले.

पहिल्या वर्षी मी विरळणीत नापास झाले होते, हे तुला कधी सांगितलं नाही. उरलेले मणी फुगावेत म्हणून घडातले निम्मे कापून खाली टाकायचे असतात. बाजरीचा दाणा सांडला तर आईचा धपाटा खाल्लेली मी, माझा हात चालेना. कापलेले हिरवे मणी मी गुपचूप खिशात भरायचे आणि तोंड वाकडं करत खायचे. हाउफिकु मुकादम म्हणाला, "मेमे राउना, ही बाजरी नव्हे. सगळ्यांना ठेवशील तर एकही धड वाढणार नाही." बायका हसल्या, मीही हसले. मग बोरूच्या काड्यांच्या माझ्या खोपटात येऊन खूप रडले. दोनच महिन्यांपूर्वी चार वर्षांची तू लेम्पीकडे मागे राहिली होतीस ना.

तुला मी टाकलं नव्हतं, तोइनी. लेम्पीकडे शाळा होती, दूध होतं. पण हे तुला समजवायला हवं होतं, ते मी केलं नाही. तू शेळीमागे धावत होतीस, तेवढ्यात मी बसमध्ये चढले. निरोप घेतला असता तर पाय निघाला नसता. तेव्हा मला ते शहाणपण वाटलं होतं.

यंदा हाउफिकु मला बायकांच्या टोळीची मुकादम करणार होता. काल त्याला सांगितलं, मी मधेच चालले. तो म्हणाला, "द्राक्षं थांबत नाहीत, राउना. गेलीस तर पुढच्या वर्षी यादीत नाव नसेल." मी म्हटलं, "द्राक्षांना दुसरी बाई मिळेल." तो माझी कात्री घेईना. दुसऱ्यांदा पुढे केली तेव्हा घेतली.

म्हणून हे पत्र, बसवाल्याच्या हाती पुढे पाठवतेय. मी येतेय. लेम्पीला खुर्चीवरून उठवू नकोस. ती खुर्ची तिचीच, आणि आई म्हणून 'मेमे' ही हाकही तिचीच. मी मागे बायकांबरोबर पिठाची लापशी घोटत बसेन. फक्त आल्यावर सगळ्यांसमोर मला एकदा हाक मार. नुसतं राउना म्हणालीस तरी मी ओ देईन.

वाटेवर असलेली,
तुझीच राउना