वैशाखात बुडवलेली होडी

दादा, आज सकाळी मी सायकल काढून सिरपूरच्या तलावावर गेलो होतो. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच. बारा वर्षं झाली. इंदूरचा दरबार गेला, राज्य गेलं, आता सगळ्या पाट्यांवर मध्यभारत लिहिलेलं असतं, पण तलावाचं पाणी तिथेच आहे आणि तुमच्या हाताखालचा म्हातारा नावाडीही तिथेच आहे. त्याच्याकडे माझं एकच काम होतं. ते पुढे सांगतो. आत्ता दुपारचे अडीच वाजलेत, आई आत कैऱ्या चिरतेय, आणि चार वाजता कोपऱ्यावरची टपालाची पेटी उघडायला माणूस येतो. तोवर मला या खुर्चीवरून उठायचं नाही.

तुम्ही मला मुंबईहून आगबोटीनं मालवणला नेलं होतं, कुलदेवीला, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. तुम्हाला बोट लागली होती. आयुष्यभर दरबारच्या होड्या सांभाळणारा आपला बाप कठड्याला धरून ओकतोय, हे बघून मला हसू आलं आणि तुम्हीही हसलात. बोट प्रत्येक बंदराबाहेर लांबच थांबायची, मग किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे उतारूंच्या होड्या, यायच्या आणि बाया-माणसं, ट्रंका, कोंबड्या सगळं त्यांत उतरायचं. मालवणला आपल्याला उतरवून घेणारा तांडेल काळाकभिन्न होता, लंगोटीवर. तुम्ही त्याला विचारलंत, "ही कोणाची?" तो म्हणाला, "माजीच. आनि कोणाची?" बस्स, एवढंच. तुम्ही किनाऱ्यापर्यंत त्या होडीच्या फळ्यांवरून हात फिरवत होतात. संध्याकाळी वाळूत बसून म्हणालात, "दुसऱ्याच्या होडीला कितीही तेल पाजा, ती वळून बघत नाही." तुमच्या डोळ्यांत तेव्हा जे होतं ते मला आजही दिसतं. मला वाटतं तिथेच ते स्वतःच्या होडीचं वेड मला लागलं.

मग मी ते तिला सांगितलं. ती म्हणजे कॉलेजात माझ्या वर्गात होती, बडा गणपतीजवळ राहते, वडील जुन्या दरबारात कारकुनीला होते. तिनं समुद्र पाहिलेलाच नाही. मी आगबोट सांगायचो, पडाव सांगायचो, पावसाळ्याआधी तिकडचे लोक होड्या वर ओढून झावळ्यांनी कशा शाकारतात ते सांगायचो, आणि ती म्हणायची, "आपली एक घेऊ. छोटीशी. पण आपली." मात्र एक गोष्ट तिनं दहादा बजावली होती. मोठ्या बहिणीचं ठरू दे, माझं बी.ए. होऊ दे, मग बाबांशी मी बोलेन. मीच बोलेन. तोवर कुणाला वासही लागता कामा नये.

आता माझं डोकं तुम्हाला माहीत आहे. दिवाळीनंतर मी कॉलेज सोडलं. तिलाही सांगितलं नाही. मानपुरापर्यंत सायकलवर, तिथून बंबईला जाणाऱ्या एका ट्रकवर, आणि मग आगबोट. मालवणात चार महिने एका तांडेलाकडे राबलो. हाताची सालं गेली. फटींत कापूस ठोकायला शिकलो, राळ-तेल लावायला शिकलो, आणि सांगायला आनंद वाटतो, ओकलो तुमच्यासारखाच. तांडेलाला मुलगा नाही. तो म्हणाला, अजून दोन हंगाम अशीच मेहनत कर, अर्धी होडी तुझी. दादा, त्या दिवशी मी समुद्राकडे तोंड करून मोठ्यानं ओरडलो. लोक बघायला लागले.

आणि चैत्रात तसाच उठून इंदूरला आलो, स्टेशनावरून थेट तिच्या घरी. माझ्या कपड्यांना मासळीचा वास. दिवाणखान्यात पाहुणे बसलेले, मोठ्या बहिणीला बघायला आलेले. कुठल्याही शहाण्या माणसानं जिन्यावरूनच परत फिरायला हवं होतं. मी सगळ्यांसमोर सांगितलं की मला धाकटीशी लग्न करायचंय, आम्ही ठरवलंय, आणि माझी होडी आहे. पाहुण्यांपैकी एक काका म्हणाले, "होडी? कुठे घालणार, इथल्या खान नदीत?" सगळे हसले. माझा गुस्सा अजून चढला. म्हणालो, मालवणला, अर्धा हिस्सा आहे माझा. तिचे वडील आवाजही न चढवता म्हणाले, "म्हणजे अर्धी होडी. तरंगणाऱ्या अर्ध्यात माझी मुलगी बसणार, की बुडणाऱ्या अर्ध्यात?" ती दारात पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. ट्रे खाली ठेवला, प्रत्येक बशी सरळ केली, आणि आत गेली.

तुमची ती वैशाखातली दुपार मला तिथून उतरताना जिन्यावरच आठवली. दरवर्षी रंगपंचमी झाली की तुम्ही लहान होडी कमरेएवढ्या पाण्यात नेऊन, दगड भरून बुडवायचात. माळव्याच्या उन्हात लाकूड सुकून फाटतं म्हणून. मला दहाव्या वर्षी एवढंच दिसायचं की तुमची लाडकी होडी चिखलात पडलीय. मग तुम्ही कचेरीत असताना मी एक-एक दगड काढला, लोट्यानं पाणी उपसलं, ओढून काठावर आणली आणि पुसून उन्हात ठेवली. तुम्हाला खूश करायचं होतं. तिसऱ्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा फळ्यांमध्ये माझं बोट जात होतं. नावाडी म्हणाला, "बाबूजी, छोरो है, जावा दो." तुम्ही मारलं नाहीत. "बस आत," म्हणालात. मी बसतो. तुम्ही होडी पाण्यात ढकलता. पाणी घोट्याला लागतं, गुडघ्याला, मग पोटाला. तुम्ही काठावर उभे आहात आणि म्हणता, "आजपर्यंत ही बुडालेली नव्हती. आज बुडाली." मग तुम्ही दोघांनी ती पुन्हा दगड घालून खाली नेली. मी रडत विचारलं, किती दिवस? तुम्ही म्हणालात, "ते लाकूड सांगेल. आपण सारखं विचारायला जायचं नाही."

आषाढात तुम्ही तापानं गेलात. होडी तेव्हा पाण्याखालीच होती. तिचं पुढे काय झालं हे मी कधी विचारलं नाही, कारण उत्तराची भीती वाटत होती.

पंधरा दिवसांपूर्वी तिची मोठी बहीण मला बडा गणपतीच्या देवळाबाहेर भेटली. मी मान खाली घातली. ती म्हणाली, "माझं मोडलं म्हणून रडू नकोस, तो मुलगा तसाही मिशीला तेल लावून आला होता. तिचं ऐक. तिला घरी बसवलंय, पण पुढच्या वर्षी परीक्षा देऊ देणार आहेत. ती म्हणते, एक वर्ष. तू दिसायचं नाहीस. चिठ्ठी नाही, खिडकीखाली सायकलची घंटी नाही. वर्षानं ती स्वतः बोलेल. मधे एक जरी चिठ्ठी आली, तर बाबा ग्वाल्हेरच्या स्थळाला हो म्हणतील, आणि या वेळेस ती नाही म्हणणार नाही." जाता जाता वळून म्हणाली, "आणि भिया, आंघोळ कर. अजून वास येतो."

पंधरा दिवसांत मी सहा चिठ्ठ्या लिहिल्या आणि फाडल्या. दोनदा तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आलो. जेवण जात नाही. एक वर्ष म्हणजे काय असतं दादा, मला चार दिवस निघत नाहीत. माफी मागितल्याशिवाय छाती फुटेल असं वाटतं, आणि माफी मागितली की सगळं संपतं. ती रागावलीय का, मला विसरत चाललीय का, कोण सांगणार? म्हणून आज नावाड्याकडे गेलो. त्याला आता नीट दिसत नाही, पण माझ्या आवाजावरून तुम्हाला ओळखलं. मी विचारलं, ती फाटलेली होडी, तिचं काय झालं? तो म्हणाला, "निकाली थी ना, भिया. बाबूजी तो चले गए थे, पर बोल के गए थे, तो दसरे तक किसीने हाथ नी लगाया. फिर तीन बरस चली. दो जगे से पाणी लेती थी. पर चली."

मी तिथेच काठावर बसलो. तो विचारत होता, रोता क्यों है, होडी तो चली.

टपालवाल्याची सायकल आत्ता कोपऱ्यावर थांबली. पेटीचं कुलूप वाजलं. थैलीत चिठ्ठ्या पडल्या. आता तो गेला. आजचा एक दिवस निघाला.

तुमच्यापासून काही लपत नाही, म्हणून सांगतो. मी बसलो होतो तिलाच लिहायला. लिफाफ्यावर तिचा पत्ता लिहून झालाय, तो या कागदाखाली आहे. कागदावर वर "दादा" लिहिलं, कारण तुम्हाला लिहिलेलं कुठल्याच पेटीत टाकता येत नाही.