वत्सलेच्या पहाटेच्या अंघोळीविषयी

तंजावर, धनुर्मास

तीर्थरूप अण्णांस तिरुवैयारूच्या मुक्कामी भागीरथीचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? वहिनींचे डोळे? आम्ही सुखरूप आहोत, हनुमंतराव काहीही सांगोत. (मी सांगते आणि सून वत्सला लिहिते. वत्सले, हसू नकोस, अक्षर वाकडे होते.)

कार्तिकात वत्सलेला दोनदा ताप आला आणि खोकला राहिला, हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्यात धनुर्मास लागला. म्हणजे सुनेने पहाटे चारला विहिरीचे गार पाणी अंगावर घ्यायचे आणि ओल्या केसांनी दारात रांगोळी काढायची. मी सरळ नाही म्हटले. समुद्रापार पिनांगला राहत होतो तेव्हा आमच्या शेजारी चिनी औषधवाल्याची बायको राहत असे. ती सांगायची, थंडीत माणसाने पेरलेल्या बियासारखे राहावे; ऊब कंबरेत साठवावी, लवकर निजावे, उन्हे आल्यावर उठावे, पाय आणि कंबर उघडी टाकू नये. (बोकडाचा रस्साही सांगायची. आम्ही मिऱ्याच्या रसमावर भागवले.) तेव्हा वत्सलेच्या कमरेला ह्यांची जुनी धाबळी बांधली आणि तिचे पाय रोज आल्याच्या ऊन पाण्यात ठेवू लागले. मीही तोच नेम पाळते, म्हणून तर ठणठणीत आहे.

चौथ्या दिवशी आमचे थोरले दीर हनुमंतराव गल्लीतले चार शिष्ट घेऊन आले. सूर्य चांगला वर आलेला, दारात रांगोळी नाही, आणि सून पायसाच्या पातेल्यात पाय सोडून बसलेली! (पातेले काठाला फुटलेले आहे, त्यात पायस होत नाही. पण हे ऐकून कोण घेतो?)

"भागीरथी, हे घर तंजावरात आहे की चीनात?"

"घर तंजावरात आहे, भावजी. पण सून माझी आहे."

ते म्हणाले, समुद्र ओलांडून आलीस ती बिघडूनच. मी म्हटले, प्रायश्चित्त समुद्र ओलांडल्याचे घेतले. तिथे शिकले ते विसरण्याचे नव्हे. यावर ते काही मोठे बोलणार, तोच त्यांना शिंका आल्या. सात. मी काढा पुढे केला. तो त्यांनी घेतला नाही, आणि जाताना उंबऱ्यावरून सांगून गेले की संक्रांतीला या घरात कोणी जेवणार नाही.

न जेवोत. बाराव्या दिवशी वैद्यनाथ वैद्यांनी वत्सलेची नाडी पाहिली, पाठीला कान लावला आणि म्हणाले, छाती मोकळी झाली. आता कोणीही येवो, पोरीला मी पहाटे उठवणार नाही.

आपली धाकटी बहीण,
भागीरथी

ता. क. संक्रांतीला तुम्ही मात्र या. ओसरीवर, साऱ्या गल्लीला दिसेल असे बसून जेवा. तेवढ्याचसाठी हे पत्र.

आणखी ता. क. मामा, हे मी वत्सला मनाने लिहिते. सासूबाई जपाला बसल्या आहेत. मी निजले आहे असे समजून त्या रोज पहाटे विहिरीवर गार पाण्याने अंघोळ करतात. देवीला बोलल्या आहेत, पोरीचा खोकला जाऊ दे, तिचा नेम मी चालवीन. चार दिवस झाले, आता त्याच खोकतात. माझे ऐकत नाहीत. तुमचे ऐकतील. संक्रांतीची वाट पाहू नका, पत्र मिळताच गाडी जोडा. त्यांना वाचता येत नाही, पण शाई ओली दिसली तर विचारतील, म्हणून इथेच थांब—